सुनिल्दाला शब्दकोशानं निर्दोष सोडलं

बानी गावात सुनिल्दाला दोन गोष्टींसाठी ओळखतात. एक म्हणजे कुठल्याही डोक्यावरचे कसलेही चिवट, हट्टी, कुरळे केस ती सरळ करून दाखवते. आणि दुसरी म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत ती गल्लीतल्या प्रत्येक घरचा गोड घेवडा चाखते आणि कुणाचं काय चुकलं ते तोंडावर सांगते. केसांचे ती पैसे घेते. घेवड्याचं मत फुकट देते, आणि कुणी न मागता देते.

गोड घेवडा ह्या दिवसांत घरोघरी शिजतो. लाल घेवडा मऊ शिजवायचा, वाटायचा, गाळायचा, मग नारळाचं दूध, साधं दूध, रताळ्याच्या फोडी, मनुका, दालचिनी, लवंग आणि हात दुखेपर्यंत ढवळणं. वरून छोटी बिस्किटं. आता एवढा खटाटोप करून कुणी आपल्यापुरता वाडगाभर करतं का? पातेलं चढतं ते गल्लीच्या मापानं. मार्गारिनचे नि आइस्क्रीमचे रिकामे डबे बायका वर्षभर जपून ठेवतात ते ह्याच्यासाठीच. तुमच्या घरून डबा गेला की समोरून डबा येतो. नाही आला, तर काहीतरी बिनसलंय असं खुशाल समजावं.

तर संध्याकाळी सुनिल्दा आलेले सगळे डबे टेबलावर ओळीनं मांडणार, एक चिमुकला चमचा घेणार आणि न्यायाधीशासारखी खुर्चीत बसणार. बाई अंगानं भरलेली, खुर्चीचं काही खरं नाही. एकेक डबा उघडायचा, चमचा, डोळे मिटायचे, मग निकाल. "चेपेच्या बायकोनं पुन्हा गाठी ठेवल्यात. गाळणं फाटलंय की नवऱ्याचा बनियन वापरतेय?" "तोमासिनाचा तळाला लागलाय, आणि वर दालचिनी मारून लपवतेय, लबाड म्हातारी." दुसऱ्या दिवशी हे निकाल त्या त्या दारात जाऊन जाहीर व्हायचे. बायका शिव्या घालायच्या, आणि पुढच्या वर्षी गाळणं बदलायच्या.

सुनिल्दाच्या भिंतीला भिंत लागून योलेतचं घर. योलेत शाळेचे गणवेश शिवते. आईबाप शेजारच्या हैती देशातून ऊस तोडायला आले, ती जन्मली इथल्याच मळ्यावरच्या वस्तीत, आणि लग्न होऊन ह्या गल्लीत आली. तिच्या धाकटीला बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून सुनिल्दानं हातावर घेतलं, तेव्हापासून दोघी एकमेकींच्या 'कोमाद्रे'. म्हणजे विहिणीपेक्षा जवळच्या आणि सख्ख्या बहिणीपेक्षा भांडखोर. मीठ संपलं की भिंतीवरून, बातमी कळली की भिंतीवरून. रंगाचं म्हणाल तर दोघी एकाच पातेल्यातल्या कॉफीसारख्या. सुनिल्दानं ओळखपत्रावर 'गव्हाळ' असं लिहून घेतलंय, एवढाच काय तो फरक.

तर झालं काय, पवित्र आठवड्याच्या आधीचा शनिवार. पार्लर खच्चून भरलेलं. डोक्यांवर रोलर, खुर्च्यांवर बायका, आणि तिन्ही ड्रायर असे घुमतायत की विमानतळ परवडला. ड्रायरखालच्या बाईला काही ऐकू येत नाही हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून तिच्याबद्दल बोलायची तीच वेळ. तिसऱ्या ड्रायरखाली योलेत डोळे मिटून बसलेली. खुर्चीत ब्रिजिदाबाई, त्या नव्या वसाहतीतल्या, पहिल्यांदाच आलेल्या. नवं गिऱ्हाईक, म्हणून सुनिल्दा जरा जास्तच गोड.

"तुमच्या शेजारी हैतीची बाई राहते म्हणे?" ब्रिजिदाबाईंनी आरशातूनच विचारलं. "भीती नाही वाटत?"

"कोण, योलेत?" ड्रायरच्या आवाजावर सुनिल्दानं आपला आवाज चढवला. "अहो, तिचं घर बघा, फरशीवर वाढून जेवाल! हैतीची असली तरी त्यांच्यातली वाटतच नाही मुळी. मी तर सगळ्यांना सांगते, रंग काय, वरवरचा असतो, पण बाई मनानं अगदी—"

आणि लाइट गेली. ड्रायर फुस्स करून थांबले, पंखा थांबला, रेडिओ थांबला. एकटी सुनिल्दा तेवढी थांबली नाही. तिचं पुढचं वाक्य त्या शांततेत घंटेसारखं वाजलं.

"—गोरीपान आहे!"

कुणीच काही बोललं नाही. मग सगळ्यांच्या माना तिसऱ्या ड्रायरकडे वळल्या. योलेतनं ड्रायरचं टोपडं हातानं वर केलं, सगळ्यांकडे एकदा पाहिलं, टॉवेल खांद्यावर नीट केला आणि सुनिल्दाच्या रोलरसकट घरी निघून गेली.

"उकडलं असेल तिला," सुनिल्दा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं घेवड्याचा मोठ्यात मोठा डबा भरला, वर मूठभर बिस्किटं रचली आणि योलेतकडे नेऊन दिला. दार अर्धंच उघडलं, डबा आत गेला. तासाभरानं योलेत स्वतः डबा घेऊन समोर हजर. डब्याला हात लावलेला नाही, बिस्किटंसुद्धा जशीच्या तशी, आणि दुसऱ्या हातात रोलरांची पिशवी. तेव्हा गल्लीतल्या निम्म्या बायका दारात बसलेल्या. म्हणजे ज्यांना कळायला नको होतं त्या सगळ्याजणी तिथंच.

"काय गं, साखर जास्त झाली?" सुनिल्दा हसत म्हणाली.

"नाही. तुझ्या मनात पूर्वग्रह आहे, सुनिल्दा."

ती 'कोमाद्रे' म्हणाली नाही. सुनिल्दा म्हणाली! दहाजणींसमोर नावानं हाक, आणि वर असला जड शब्द. सुनिल्दाला तो शब्द नीट कळलाही नव्हता, पण लागला बरोबर.

रात्रभर बाई कुशीवर कुशी बदलत राहिली. सकाळी कपडे बदलले, लिपस्टिक लावली आणि थेट एलिसेओ मास्तरांकडे. मास्तर निवृत्त झालेले, आणि गल्लीतला एकुलता एक शब्दकोश त्यांच्याकडे. तो टीव्हीखाली उंचीसाठी ठेवलेला.

"मास्तर, टीव्ही उचला. मला न्याय पाहिजे."

मास्तरांनी टीव्ही उचलला, शब्दकोश काढला, चष्मा पुसला आणि वाचलं: "पूर्वग्रह. एखाद्या गोष्टीची पुरती ओळख नसताना आधीच करून घेतलेलं मत. बहुधा प्रतिकूल."

"प्रतिकूल म्हणजे?"

"वाईट."

सुनिल्दानं मांडीवर थाप मारली. "सुटले! ओळख नसताना? अहो, तिच्या बाळंतपणात पाणी तापवायला मी होते! तिचा नवरा घोरतो कसा तेसुद्धा मला पाठ आहे. आणि वाईट मत? मी तर तारीफ केली! भर पार्लरमध्ये, ओरडून!"

"शब्दकोशाप्रमाणे तू सुटलीस, पोरी," मास्तर सावकाश म्हणाले, "पण माणसं बोलताना शब्द शब्दकोशातून थोडेच—"

"पण-बिण नको, मास्तर. निकाल लागल्यावर वकिलानं बोलायचं नसतं."

आणि बाई तो अर्थ घोकत गल्लीभर फिरली. निर्दोष सुटल्याची बातमी तिनं सगळ्यात आधी चेपेच्या दुकानात सांगितली. चेपे तांदूळ मोजत होता.

"पूर्वग्रह?" चेपे म्हणाला. "तो समुद्राकाठच्या मोठ्या हॉटेलात असतो. मागं मी भाचीच्या लग्नाला गेलो, सूट घालून हां, तर दारावरचा म्हणतो, सामान मागच्या दारानं आण. ह्याला म्हणतात पूर्वग्रह. आपल्या गल्लीत कुठला आलाय? आपल्याला परवडतो तरी का?"

दारात म्हातारी तोमासिना चार पाकळ्या लसूण घ्यायला उभी. "हॉटेलपर्यंत कशाला जायला पाहिजे? माझी सून माझ्या हातचं खात नाही. म्हणे, पोट भरलंय. घरात पाऊल टाकायच्या आधीच तिचं पोट भरतं! हा पूर्वग्रह नाही तर काय?"

"हे मात्र खरं हं, तोमासिनाबाई," सुनिल्दा मनापासून म्हणाली. "खाऊन तरी बघावं की नाही माणसानं!"

गंमत बघा. ज्याला विचारावं त्याचा अर्थ वेगळा, आणि प्रत्येकाच्या अर्थात तो स्वतः मार खाणारा. मारणारा कुठं सापडायला तयार नाही. सुनिल्दालाही मग आपला एक अर्थ आठवला. राजधानीतल्या बँकेतली ती नखरेल पोरगी, हिच्या पुढच्या बाईला 'मॅडम' म्हणाली आणि हिला 'काय गं, मावशी'. तोही तिनं चेपेला रंगवून सांगितला. तिघांनी मिळून त्या बँकेला मनसोक्त शिव्या घातल्या. सगळ्यांना बरं वाटलं.

मग ती योलेतकडे गेली. योलेत शिलाईयंत्रावर, पांढऱ्या कॉलरांचा ढीग शेजारी. सुनिल्दानं दारातच उभं राहून शब्दकोश म्हणून दाखवला, पाठ केलेल्या प्रार्थनेसारखा. "पुरती ओळख नसताना! प्रतिकूल! दोन्ही गोष्टी माझ्यात नाहीत. मास्तरांनी सोडलंय मला."

योलेतनं यंत्र थांबवलं. "मास्तरांच्या पुस्तकात तसं असेल. मला पुस्तकातलं नको. तू माझी तारीफ केलीस ना?"

"केलीच!"

"मग लाइट गेल्यावर सगळ्या गप्प का झालात?"

सुनिल्दानं तोंड उघडलं. सुनिल्दाचं तोंड उघडलं आणि त्यातून काही बाहेर आलं नाही, असं ह्या गल्लीत कुणी कधी पाहिलं नव्हतं. योलेतनं यंत्र पुन्हा चालू केलं.

त्या आठवड्यात पार्लर बंद. सुनिल्दानं भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. भिंतीपलीकडून शिंक आली की हिच्या ओठांवर 'देव बरं करो' यायचं आणि परत फिरायचं. लग्न मोडलं तरी माणूस माहेरी जाऊन रडू शकतं. कोमाद्रे रुसली तर रडायचं कुणापाशी? रडायची ती जागाच ती होती ना! आणि बाप्तिस्म्याची ती पोरगी समोरून जाताना तिला बघून खाली मान घालायची. ते सगळ्यात वाईट.

गुरुवारी संध्याकाळी डबे आले. ओळीनं मांडले, चमचा घेतला. नवरा नेरेओ समोर बसला, दरवर्षीप्रमाणे करमणुकीला. हा माणूस बस चालवून निवृत्त झालेला, कमी बोलणारा. सुनिल्दाच्या घरात दुसऱ्या कुणाला बोलायला जागा तरी कुठं आहे? ह्या वेळी मात्र निकाल येईनात. चमचा आत, चमचा बाहेर, "बरा आहे," पुढचा.

"योलेतचा नाही आला," नेरेओ म्हणाला. "वाईट झालं. गल्लीत सगळ्यात भारी तिचा असतो."

"तुला काय कळतंय?"

"मला नाही तर कुणाला? दरवर्षी मीच तर खातो."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? सगळ्यांचे डबे तू उघडतेस. योलेतचा आला की माझ्याकडे सरकवतेस. 'नेरेओ, हा तू घे, माझं पोट भरलं.' मी म्हटलं, चांगलं आहे, असंच भरू दे."

"मी? कधी?"

"दर वर्षी गं. चेपेकडचे गाठींचे गोळे खाताना नाही भरत, तोमासिनाचा करपलेला खाताना नाही भरत. नेमकं तिथंच भरतं."

सुनिल्दा हसायला गेली आणि हसू निम्म्यात अडकलं. योलेत गल्लीत आली ते पहिलं वर्ष तिला आठवलं. टेबलाशी आई बसलेली. पहिला डबा आला तेव्हा आईनं तो दोन बोटांनी बाजूला केला होता. "त्या लोकांच्या हातचं. काय घालत असतील देव जाणे." बस्स, एवढंच. भांडण नाही, शिवी नाही. आई जाऊन किती वर्षं झाली, तिचे ते शब्दही सुनिल्दा विसरली होती. हात मात्र विसरला नव्हता. तिच्या डोक्याला न विचारता तो दरवर्षी तो डबा सरकवत होता.

योलेतच्या नवऱ्याचं घोरणं पाठ, बाळंतपण पाठ, आणि तिच्या हातची चव माहीत नाही. पुरती ओळख, म्हणे!

"नेरेओ," ती म्हणाली, "मास्तरांना टीव्ही पुन्हा उचलायला लावावा लागेल रे. शब्दकोशानं मला फार लवकर सोडलं."

शुक्रवारी दुपारी ती योलेतच्या मागच्या दाराशी उभी राहिली. ना डबा, ना बिस्किटं. हातात नुसता चमचा.

"काय?" योलेत म्हणाली.

"चाखायला आले."

"दरवर्षी चाखतेसच की."

सुनिल्दानं चमच्याकडे बघितलं, चुलीकडे बघितलं, छताकडे बघितलं. कुठूनच मदत आली नाही. "नाही चाखला. एकदाही नाही."

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे?"

"अगं, चेपेच्या बायकोला तू गाठी सांगतेस, तोमासिनाबाईंना करपला म्हणून सांगतेस. मला दरवर्षी भिंतीवरून काय सांगतेस? 'फार छान, कोमाद्रे, फार छान!' ज्यानं खाल्लं तो एवढ्यावर गप्प बसेल? आणि तोही तुझ्यासारखा?"

"मग कधी बोलली का नाहीस?"

"वाटायचं, ह्या वर्षी तरी काहीतरी नाव ठेवशील. मग सवय झाली. मग लाइट गेली."

सुनिल्दाचे डोळे भरले. योलेतनं तिकडे अजिबात लक्ष दिलं नाही. तिनं पातेल्यावरचं झाकण काढलं. उरलेलं वाटीभरच होतं, सुनिल्दाला खुर्चीत बसवून ते पुढं ठेवलं आणि हाताची घडी घालून समोर उभी राहिली.

चमचा बुडाला. सुनिल्दानं डोळे मिटले. एकदा गिळलं. पुन्हा एक चमचा. कपाळाला आठी पडली, आणि ती आठी बघून योलेत किंचित पुढं झुकली.

"खरं सांगू?"

"सांग."

"आलं फार झालंय."

"काय?"

"आलं. घेवड्यात कुणी एवढं आलं घालतं का? सर्दी झालीय का त्याला? आणि रताळ्याच्या फोडी मोठ्या. ही बघ, ही फोड आहे की वीट? बाकी दूध मात्र… दूध कसं आटवलंस गं एवढं?"

योलेतनं कंबरेवर हात ठेवले. बाई अशी फुलून आली की जणू तिची आरतीच चाललीय. "आलं मुद्दाम असतं! माझी आई घालायची."

"आई घालायची म्हणून काय जास्त होत नाही? माझ्या आईनंही पुष्कळ काय काय घातलंय माझ्या डोक्यात."

"आणि स्वतःचं बोल की! तुझा घेवडा म्हणजे पाणी. लवंग शोधायला होडी करून जावं लागतं."

"पाणी? माझा? इतकी वर्षं चाटून खाल्लास तो!"

"खाल्ला, म्हणूनच सांगतेय!"

सुनिल्दा ताडकन उठली, खुर्ची कुरकुरली, आणि मग दोघी अशा हसल्या की भिंतीपलीकडे नेरेओनं रेडिओ बंद करून कान लावला. हसू ओसरल्यावर योलेतचा चेहरा सरळ झाला.

"आणि ते गोरीपानचं?"

"पुन्हा नाही म्हणणार."

"नकोच म्हणूस. माझं मन कुठल्या रंगाचं आहे ते मलाच अजून कळलेलं नाही, तुला कुठून कळणार? आणि त्या बाईला सांग."

"सांगेन."

"मोठ्यानं सांग. ड्रायर बंद असताना."

सुनिल्दानं मनात हिशेब केला. नवं गिऱ्हाईक, नवी वसाहत, तिथल्या दहाजणी मागोमाग येणार होत्या. "सांगते," ती म्हणाली, आणि ह्या वेळी योलेतला ते ऐकायला बरं वाटलं, कारण म्हणताना बाईचा चेहरा जरा उतरला होता.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी मिरवणूक आली. चौघांच्या खांद्यावर काचेच्या पेटीत क्रूसावरून उतरवलेल्या प्रभूची मूर्ती, मागं काळ्या कपड्यांतल्या बायका, हळू आवाजातलं गाणं. दोघी डोक्यावर रुमालबिमाल न घेता जशा होत्या तशा दारात आल्या, हात जोडले, माना खाली घातल्या.

"निदान निम्मं तरी आलं," सुनिल्दा ओठ न हलवता पुटपुटली.

"चिमूटभरही कमी करणार नाही," योलेत तशीच पुटपुटली.

"मग रताळं तरी बारीक चिर."

"तू आधी लवंग घाल."

मिरवणुकीतून तोमासिनानं मेणबत्तीसकट मान वळवली आणि डोळे वटारले. "श्श! देव मेलाय आज, जरा लाज बाळगा!"

दोघींनी घाईघाईनं क्रूसाची खूण केली. मिरवणूक वळणापर्यंत गेली असेल नसेल, तोच योलेतनं विचारलं, "किती लवंग घालतेस तू, खरं सांग?"